ऊसतोडीच्या गाण्याचा व्हिडिओ आणि काट्याची परवानगी : माझा अनुभव

गाणं रेकॉर्ड व्हायला दोन दिवस लागले, एडिटला नऊ. मधले पाच आठवडे एका साखर कारखान्याच्या ऑफिसात गेले, आणि तो राग अजून माझ्या अंगातून उतरलेला नाही. म्हणून लिहितेय. कुणी स्वतःच्या पैशांनी असा व्हिडिओ करायला निघालं असेल तर त्यांचे पाच आठवडे तरी वाचावेत.

गाणं माझ्या मैत्रिणीचं. तिची आई बीड जिल्ह्यातून दर दिवाळीनंतर मजुरांच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जायची. तोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढून टाकण्याबद्दलचं हे गाणं. गावात त्याला ‘पिशवी काढणं’ म्हणतात. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात सर्वेक्षण झालं तेव्हा 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळीच्या दिवसांतही उसाच्या फडात उभं राहावं लागतं, आणि एक दिवस चुकला की खाडा लागतो, म्हणजे दंड कापला जातो. गाण्यात हे सगळं आहे. हलगी आणि तिचा आवाज, बस. खोलीत गोधड्या टांगून रेकॉर्डिंग केलं.

शब्द जे सांगतात तेच चित्रात दाखवायचं नाही, एवढं मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. गाणं ‘कोयता’ म्हणतं आणि पडद्यावर कोयता येतो, तेव्हा बघणाऱ्याच्या हाती नवीन काही लागत नाही. ड्रोनही नको म्हटलं. वरून ऊस असा हिरवागार दिसतो की पर्यटनाची जाहिरात वाटते, आणि त्या हिरव्यात वाकलेली बाई दिसतच नाही.

माझी पहिली कल्पना कापडी पिशवीची होती. कोपीच्या, म्हणजे मजुरांच्या झोपडीच्या, बांबूला टांगलेली रिकामी पिशवी, वाऱ्यावर हलणारी. मला ती फार आवडली होती. मोबाईलवर चाचणी म्हणून शूट करून मी ती टोळीतल्या बायकांना दाखवली. कुणी काही बोललं नाही. मग मैत्रिणीच्या नात्यातल्या मावशी म्हणाल्या, “पोरी, ही बघितली की लोकं आमच्या पोटाकडं बघतील.” मी ती क्लिप तिथल्या तिथे पुसली.

त्याच बैठकीत दुसरी एक जण म्हणाली, “उसाचं वजन होतं, गाडीचं होतं. आमचं कवा झालं?”

व्हिडिओ तिथेच सापडला. मजुरी टनावर, टन ठरतो कारखान्याच्या काट्यावर, जिथे उसाच्या अख्ख्या गाडीचं वजन होतं. 30-40 किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई त्या काट्यापर्यंत कधी पोचतच नाही. तिला तिथे उभं करायचं. त्यासाठी कारखान्याच्या आवारात फक्त एका रात्रीची परवानगी हवी होती.

पहिल्या फेरीत वॉचमनने गेटवरूनच शेतकी विभागाकडे पाठवलं. शेतकी विभागात सांगितलं की हा विषय प्रशासनाचा. प्रशासनात साहेब मीटिंगला गेलेले. दुसऱ्या फेरीत साहेब भेटले, म्हणाले, लेखी द्या. मी तिथेच बसून अर्ज लिहिला आणि आवक टेबलवर दिला. आवक क्रमांक मागायचं सुचलं नाही. आठ दिवसांनी गेले तर अर्जच नाही. “तुम्ही दिला होता का नक्की?” असं मला विचारलं. तर ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा: अर्जाच्या दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. समोरचा “राहू द्या हो मॅडम, विश्वास आहे ना” म्हणाला तरी सोडू नका.

दुसऱ्या अर्जाला त्यांनी छापील फॉर्म दिला. त्यात ‘चित्रीकरणाचा उद्देश’ असा रकाना. मी खरं लिहिलं: महिला ऊसतोड कामगारांच्या आरोग्याविषयीचे गाणे. क्लार्कनी ते वाचून फॉर्म माझ्याकडे उलटा सरकवला. गाण्याचे शब्द टाइप करून आणा. पुढच्या फेरीला शब्द नेले. मग संस्थेचं लेटरहेड हवं. आमची संस्था नाही, आम्ही चार जण आहोत, म्हटलं. मग व्यक्तीच्या नावावर परवानगी देता येत नाही. एका ओळखीच्या महिला मंडळाने पत्र दिलं, ते घेऊन गेले. मग सांगितलं की विषय बोर्डाच्या मीटिंगपुढे ठेवावा लागेल. मीटिंग कधी? ते सांगता येत नाही.

त्या बाकावर बसून मी काय काय केलं असेल! शॉटची यादी तीनदा लिहिली. समोरच्या काचेतून काटा दिसायचा. ट्रक चढायचा, आकडा लाल व्हायचा, ट्रक उतरायचा. माझी सगळी फिल्म त्या काचेपलीकडे चालू होती आणि मी अलीकडे फाईल धरून. चौथ्या आठवड्यात साहेबांनी आत बोलावलं. चांगलं बोलले, चहा दिला. म्हणाले, ते ‘पिशवी’चं कडवं वगळलं तर बघता येईल. मी नाही म्हणून बाहेर आले आणि बस स्टँडपर्यंत रडत गेले.

एका वकील ओळखीला विचारलं, माहितीच्या अधिकारात निदान अर्जाचं काय झालं ते तरी मागता येईल का? ते म्हणाले, 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सहकारी संस्था त्या कायद्यात सरसकट येत नाहीत. तोही रस्ता बंद. इकडे फेब्रुवारी सरत आला होता. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळी गावाला, आणि मग बायकाच नाहीत, ऊसच नाही.

आज वाटतं, मी तिसऱ्या फेरीलाच दुसरी जागा शोधायला हवी होती. परवानगीसाठी एक तारीख ठरवा आणि ती उलटली की त्या दारात जाऊ नका.

हायवेवर एक खाजगी काटा आहे, 60 टनी. मालकाला गाणं ऐकवलं. त्यांनी दोनदा ऐकलं आणि रात्री अकरानंतर या म्हणाले. अर्ज नाही, रकाना नाही. मला अक्षरशः पायातली ताकद गेल्यासारखं झालं.

आणि तिथे जे मिळालं ते कारखान्यात मिळालं नसतं. ट्रक उभा राहतो त्या काट्याच्या लांबरुंद प्लॅटफॉर्मवर मावशी एकट्या उभ्या राहिल्या. लाल आकड्यांच्या डब्यावर 50 आलं. मोळी घेऊन 80. मोठ्या काट्यावर आकडा 10 च्या पटीतच सरकतो. मी पावती मागितली तर मालक म्हणाले, देता येत नाही, आणि भिंतीवरची पाटी दाखवली: कमाल 60 टन, किमान 200 किलो. दोनशेच्या आतलं वजन हा काटा धरत नाही, नियमानेच. ती पाटी माझ्या यादीत नव्हती. मी कॅमेरा ट्रकच्या केबिनच्या उंचीवर चढवला, मावशी खाली एवढ्याशा दिसल्या. मग पाटीचा जवळून शॉट. तिथे हलगी थांबवली आहे, आठ सेकंद काहीच वाजत नाही. व्हिडिओ बघून लोक सगळ्यात जास्त त्याच आठ सेकंदांबद्दल बोलतात, आणि मला त्याचा अभिमान आहे.

शेवटी तोच लाल आकड्यांचा डबा येतो आणि त्यावर 13861. खऱ्या काट्यावर हा आकडा कधीच दिसणार नाही, कारण तो 10 च्या पटीत नाही. आम्ही तो एडिटमध्ये बसवला. वेगळी पाटी नाही, निवेदन नाही. ज्या डब्यात टन दिसतात त्याच डब्यात बायका मोजल्या.

सबटायटल, अपलोड हे सगळं एका दुपारी झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

हे मात्र आधीच सांगायला हवं होतं: शूटसाठी एका बाईला बोलावलं तर तिचा जोडीदारही बसून राहतो, कारण ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी आणि हिशेब जोडीचा. आम्ही पहिल्या दिवशी फक्त मावशींचे पैसे दिले होते. टोळीच्या मुकादमाने मावशींच्या नवऱ्याचा, काकांचाही खाडा लावला, आणि मावशी त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. मला तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कोपीतून कळलं. त्या संध्याकाळी जाऊन दोघांची मजुरी आणि खाड्याचे पैसे दिले. मावशींनी नोटा मोजल्या, त्यातली एक परत माझ्या हातात ठेवली. “ही जास्तीची हाय,” म्हणाल्या. खरंच एक जास्त गेली होती.