आमची वाटचाल : मल्टिमीटरच्या पाऊचपासून गेमिंग केसपर्यंत

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील आमच्या छोट्या कारखान्यात वडिलांच्या काळापासून मोजमापाच्या उपकरणांसाठी केस आणि पाऊच शिवले जातात. मल्टिमीटर, व्हर्निअर, मायक्रोमीटर अशा वस्तूंसाठी केस मागणारे आमचे ग्राहक म्हणजे आसपासच्या कंपन्यांचे खरेदी विभाग. उपकरण नीट बसते का, केस किती वर्षे टिकेल आणि नगाला दर काय, एवढेच त्यांना विचारायचे असे. रंग काळा असायचा, फार तर गडद निळा. केस दिसायला कशी आहे, याची चौकशी त्या काळात कोणी केल्याचे मला तरी आठवत नाही.

मार्च २०१७ मध्ये निन्टेंडो स्विच हे हातात धरून खेळायचे गेमिंग यंत्र जगभर बाजारात आले आणि हे चित्र हळूहळू बदलू लागले. स्विचची भारतात अधिकृत विक्री नसल्यामुळे ती परदेशातील नातेवाइकांमार्फत किंवा आयात करणाऱ्या दुकानदारांकडून येत असे. पण तिच्यासोबत लागणाऱ्या वस्तू मात्र एकतर फार महाग मिळत, नाहीतर अगदीच तकलादू. मुंबईतील इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातले, लॅमिंग्टन रोडवरील एक विक्रेते आमच्याकडून वर्षानुवर्षे मल्टिमीटरचे पाऊच घेत होते. त्यांनीच एक स्विच आमच्या टेबलावर ठेवून, ‘हिच्यासाठी चांगली दिसणारी आणि लोकलमध्ये टिकणारी केस करून द्याल का,’ असे विचारले. मागणीचे हे दोन भाग त्यांनी एका दमात सांगितले असले, तरी आमच्या कामाचा पुढचा सगळा काळ त्या दोहोंचा मेळ घालण्यातच गेला आहे.

मोजमाप हा आमच्या घरचाच विषय असल्यामुळे सुरुवात तिथूनच झाली. जॉय-कॉन, म्हणजे दोन्ही बाजूंचे सुटे होणारे कंट्रोलर, जोडलेली स्विच २३९ मिलिमीटर लांब, १०२ मिलिमीटर उंच आणि अवघी १३.९ मिलिमीटर जाड असते. पण हा शेवटचा आकडा केस शिवणाऱ्याला चांगलाच फसवतो. वर आलेल्या स्टिकच्या, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या दांडीच्या, टोकापासून मागच्या बटणांपर्यंत मोजले, तर तीच जाडी २८.४ मिलिमीटर भरते. बाजारातील बऱ्याच सुबक, सडपातळ केस नेमक्या इथेच उण्या पडतात. झाकण लावताना स्टिकचे टोक दाबले जाते आणि केस बंद असेपर्यंत तो दाब स्टिकवर तसाच राहतो. या उपकरणांच्या स्टिक झिजून खेळातील पात्र आपोआप एका बाजूला सरकू लागते, ही तक्रार सर्वश्रुत आहे. त्याची कारणे स्टिकच्या रचनेतच असली, तरी केसने त्यात स्वतःची भर घालू नये, एवढी काळजी आम्ही घेऊ शकतो.

ही काळजी घेण्याची आमची पद्धत अगदी साधी आहे. आमचे कटिंग मास्टर, ज्यांना कारखान्यात सगळे मामा म्हणतात, ते दोन्ही स्टिकच्या टोकांना शिंप्याचा निळा खडू चोळतात, सॅम्पल केसमध्ये उपकरण ठेवून चेन लावतात आणि वर दहा किलोचे वजन ठेवतात. थोड्या वेळाने केस उघडून झाकणाच्या आतील अस्तरावर निळा ठिपका उमटला आहे का, ते पाहायचे. ठिपका दिसला की झाकणाचा फुगवटा वाढवायचा किंवा स्टिकच्या समोरचा फोम कापून तिथे खळगा करायचा. परदेशी जाहिरातींत केस उंचावरून खाली टाकून दाखवतात आणि ती चाचणी आम्हीही करतो; पण सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीहून निघालेल्या गाडीत पाठीवरची सॅक ज्या तऱ्हेने चेपली जाते, ते पाहता आपल्याकडे पडण्यापेक्षा दाबले जाण्याची भीती मोठी आहे, असे माझे ठाम मत आहे.

दाब सहन करायचा तर नुसते शिवलेले पाऊच पुरेसे नव्हते, त्यामुळे आम्हाला ईव्हीए या साच्यात घडवता येणाऱ्या फोमकडे वळावे लागले. कापड चिकटवलेला ईव्हीएचा ताव तापवून मऊ करतात, साच्यात दाबून थंड करतात आणि तो घट्ट झाला की कडा कापून चेन शिवतात. शिवणकाम आमच्या हातचे होते, साचा मात्र नव्हता. ॲल्युमिनियमचा साचा एकदा घडवला की त्यात मिलिमीटरचाही फरक करणे खर्चाचे पडते, म्हणून आम्ही आधी लाकडी साच्यावर सॅम्पल काढतो आणि खडूची परीक्षा पास झाली की मगच वसईच्या साचेवाल्यांना काम देतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेले स्विचचे ओलेड मॉडेल मूळ मॉडेलपेक्षा फक्त ३ मिलिमीटर लांब आहे. पण घट्ट साच्यात तेवढेही अडते. सुदैवाने आमच्या साच्यात दोन्ही बाजूंना जागा राखलेली असल्यामुळे तो तसाच चालला.

दिसण्याचा प्रश्न याहून अवघड निघाला, कारण ग्राहकाला फोटोत जे आवडते, ते कोकणपट्टीच्या हवेत टिकेलच असे नाही. पहिली मागणी चामड्यासारख्या दिसणाऱ्या रेक्झिनची आली. पीयूचे (पॉलियुरेथेनचे) रेक्झिन नवे असताना देखणे दिसते, हाताला मऊ लागते आणि त्यावर ठसाही छान उठतो; पण दमट हवेत त्याचा थर हळूहळू कमकुवत होतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याचे पोपडे निघू लागतात. खऱ्या चामड्याला बुरशीची धास्ती. म्हणून आम्ही बाहेरच्या बाजूला जाड विणीचे नायलॉन किंवा पॉलिस्टर वापरतो आणि रंगांची हौस चेन, पाइपिंग व अस्तरावर भागवतो. राखाडी केसला मोरपंखी पाइपिंग किंवा काळ्या केसच्या आत हळदी अस्तर, अशा जोड्या आमच्याकडे सर्वांत जास्त विकल्या जातात.

खणाच्या केसची गोष्ट जरा वेगळी आहे. खणाच्या साड्या, पर्स आणि डायऱ्या सगळीकडे दिसू लागल्यावर गेमिंग केसही खणाची हवी, असा आग्रह काही ग्राहकांनी धरला. बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डचा हा खण मुळात चोळीसाठी विणला जाणारा. त्यातील रेशमी धागे सॅकमधल्या किल्ल्यांना किंवा वेल्क्रोच्या काट्यांना अडकले की लगेच ओढले जातात, त्यामुळे संपूर्ण केस खणाने मढवायला मी आजही नकार देते. आम्ही झाकणाच्या मधोमध किंचित खोलगट जागा ठेवून तिथे खणाचा तुकडा बसवतो. भोवतालची कड उंच असल्याने घासले जाण्याचा मार ती कड खाते आणि खण सुरक्षित राहतो. या केसमध्ये वेल्क्रो अजिबात वापरत नाही.

आतल्या बाजूला आम्ही बारीक लवेचे मायक्रोफायबर लावतो. मूळ स्विचचा पडदा (स्क्रीन) प्लास्टिकचा असल्यामुळे त्यावर चरे लवकर पडतात, आणि मखमलीसारख्या लांब लवेच्या अस्तरात अडकलेला रेतीचा एखादा कण ते काम सहज करतो. चेनचा रनर आत डोकावू नये म्हणून चेनच्या मागे कापडाची पट्टी शिवायची, गेम कार्डांचा कप्पा पडद्यासमोर येत असेल तर मध्ये पॅड असलेला कापडी आडोसा ठेवायचा आणि फ्लॅप बंद करायला चुंबकाऐवजी टिचबटण लावायचे, या आमच्या ठरलेल्या गोष्टी आहेत. चुंबकाचा फ्लॅप जास्त ऐटदार दिसतो, हे मान्य आहे. परंतु काही नव्या स्टिकमध्ये चुंबकावर चालणारे सेन्सर असतात, त्यामुळे त्यांच्या जवळ आणखी एक चुंबक नेण्याचे मला काही कारण दिसत नाही.

पुढे हातात धरून खेळायची उपकरणे मोठी झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेले स्टीम डेक २९८ मिलिमीटर लांब आणि ६६९ ग्रॅम वजनाचे आहे, तर २०२३ साली भारतात रीतसर विक्रीला आलेले आरओजी अ‍ॅलाय ६०८ ग्रॅमचे. स्टीम डेकच्या खोक्यात कंपनीची केस मिळतेच, आणि ती चांगलीही आहे. आमच्याकडे येतात ते तिच्याहून सुटसुटीत काहीतरी हवे असलेले लोक. त्यांना मी आधी चार्जर दाखवायला सांगते. परदेशातून आणलेल्या उपकरणाच्या चार्जरची पिन बहुतेकदा आपल्या सॉकेटला चालत नाही, त्यामुळे सोबत एक अ‍ॅडाप्टर आलाच, आणि हे ओबडधोबड जोडपे पडद्यावर दाबले जाणार असेल तर सुटसुटीत केसचा उपयोग काय? अशांसाठी आम्ही चार्जरची वेगळी थैली त्याच कापडात शिवून देतो. या यंत्रांना हवा खेळण्यासाठी मागे जाळी असते आणि गरम हवा वरून बाहेर पडते; खेळ चालू ठेवून यंत्र केसमध्ये कोंबू नये, ही सूचना आम्ही आतल्या लेबलवरच छापतो.

मधल्या काळात एका मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याकडून घाऊक मागणी आली होती. फोमची जाडी निम्मी करावी, खळगे काढून टाकावेत आणि वाचलेल्या पैशांत झाकणावर चकचकीत छपाई करावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. आकडा मोहात पाडणारा होता आणि त्या वर्षी आम्हाला कामाची गरजही होती, तरी आम्ही तो सोडला. वडिलांनी एवढेच विचारले की, परत आलेला माल ठेवायचा कुठे?

जून २०२५ मध्ये स्विच २ आली. तिची लांबी २७२ मिलिमीटर आणि उंची ११६ मिलिमीटर असल्यामुळे जुन्या साच्यात ती बसण्याचा प्रश्नच नव्हता. नवा लाकडी साचा करावा लागला आणि मामांनी पुन्हा खडू हातात घेतला. तिचे जॉय-कॉन आता चुंबकाने जोडले जातात, त्यामुळे केसमधून यंत्र बाहेर काढताना ते कंट्रोलरला धरून ओढावे लागू नये, अशी रचना आम्ही केली आहे : खाली एक रुंद फीत असते, ती उचलली की संपूर्ण यंत्र सपाट वर येते. फीत कोणत्या रंगाची असावी, यावर कारखान्यात बराच वाद झाला आणि शेवटी अस्तराचाच रंग ठरला.

ऑर्डर घेताना आम्ही ग्राहकाला आजही मॉडेलचे नाव, त्यावर ग्रिप किंवा टेम्पर्ड ग्लास लावली आहे का आणि केस सॅकमध्ये ठेवणार की हातात नेणार, हे आधी विचारतो. रंगांचे नमुने त्यानंतर पुढे ठेवतो. ग्रिप लावलेली असेल तर यंत्रच आणून दाखवा, अशी विनंती करतो. रनर बिघडला तर तो विनामूल्य बदलून मिळतो. त्यासाठी केस रिकामी करून आणावी.