बाप्तिस्म्याच्या सकाळी मेलेले मासे

आमच्या मंडळीत पाणी शिंपडून बाप्तिस्मा देत नाहीत, पुरतं बुडवून देतात. मिरजेच्या जुन्या मिशन मंडळ्यांतले पाहुणे यावरून आम्हाला चिडवतात, तो वाद इथे नको. चर्चमागे सिमेंटची टाकी बांधायचा ठराव दरवर्षी होतो आणि दरवर्षी वर्गणी छपरावरच खर्च होते. त्यामुळे ईस्टर झाला की पाळकानं, म्हणजे मी, कृष्णेत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं.

त्या रविवारी दोन मुलगे आणि एक मुलगी, तिघंही कॉलेजातली. अंकलीच्या पुलाच्या अलीकडे आमची नेहमीची उताराची जागा आहे. गाड्या लावून खाली उतरायला लागलो तोच आंबूस-गोड वास आला. सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला हा वास ओळखायला शिकवावं लागत नाही. साखर कारखान्याच्या मळीचा वास.

काठाला मासे लागले होते. चिलापी, कटला, मधूनच एखादी वाम. पाणी कोऱ्या चहासारखं झालेलं. मी एक कटला उचलला. हातभर लांब, अजून ताठ झाला नव्हता. तोंड वासलेलं, कल्ल्यांची झाकणं बाहेर फाकलेली आणि आतला लाल रंग उतरून मातकट झालेला. बुडून मेलेल्या माणसाचं तोंड मी पाहिलेलं आहे. हा मासा पाण्यातच गुदमरला होता.

जाळं गुंडाळत बसलेला एक भोई म्हणाला, “रातच्याला कुणीतरी सोडलं बगा. पहाटं मासं वर यिऊन तोंडं मारत हुतं. पोरांनी हातानं धरलं.” मग माझ्या पांढऱ्या कपड्यांकडे बघून, “तुमी आज उतरू नका सायेब. अंगाला खाज सुटंल.”

धर्मशिक्षणाला जायच्या आधी मी रसायनशास्त्रात बीएस्सी केलं होतं, ते त्या दिवशी कामी आलं. मुलांना सांगितलं, मळी विषारी असायलाच हवी असं नाही. तिला कुजवणारे जिवाणूच पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. बहुतेक माशांना लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅम तरी लागतो, आणि उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात तो आधीच कमी असतो. त्यात प्रवाह आटलेला.

मुलीनं विचारलं, “पास्टर, हे पाणी पुढं कुठं जातं?”

कर्नाटकात, आलमट्टीत, मग तेलंगण, आंध्र. महाबळेश्वरपासून सुमारे 1,400 किलोमीटर वाहून कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाशी खारफुटी आहे, तिथे मासे पकडून खाणारी फिशिंग कॅट राहते आणि त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वाटेत धरणं आहेत, इथली मळी जशीच्या तशी तिथवर जात नाही, हेही सांगितलं. पण नदीकाठची शेतं आणि गावं जे खत आणि सांडपाणी सोडतात त्यातलं बरंच समुद्रात पोचतं, आणि मोठ्या नद्यांच्या मुखांशी समुद्राचं पाणीसुद्धा असंच प्राणवायूवाचून पडतं.

आमचे एल्डर काका, म्हणजे मंडळीच्या कारभारातले वडील, वैतागले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, शिस्तीचा माणूस. “पास्टर, आत्मे जिंकणं आपलं काम. मासे मोजायला सरकार आहे. आणि समुद्राचं काय घेऊन बसलात, आपण सांगलीची माणसं.”

मी म्हटलं, काका, नकाशे तुम्हीच हाताळलेत. कोयनेचं पाणी बोगद्यांतून पोफळीला उतरवून वाशिष्ठीत कोण सोडतं? ते दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्रात जातं. महाबळेश्वरलाच उगवणारी सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते, आणि तिथून जवळच वेळास आहे, जिथे 2002 मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांबरोबर कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. सातारच्या डोंगरातलं पाणी दोन समुद्रांना जातं. काका गप्प झाले, पटलं म्हणून नव्हे, माहिती बरोबर होती म्हणून.

मी तयार केलेला संदेश रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायावर होता, ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे. तो बाजूला ठेवला आणि काठावर उभ्या-उभ्या उत्पत्तीचा पहिला अध्याय काढला. आम्ही माणसाला मिळालेला आशीर्वाद पाठ करतो. पण त्याआधी पाचव्या दिवशी देव जलचरांना आणि पाखरांना आशीर्वाद देतो, वाढा आणि समुद्राचं पाणी भरून टाका म्हणतो. बायबलातला पहिला आशीर्वाद माशांच्या वाट्याला आलेला आहे. मग यहेज्केल 47. मंदिराच्या उंबऱ्याखालून पाणी निघतं, पूर्वेला वाहतं, आधी घोट्याइतकं, मग गुडघ्याइतकं, कमरेइतकं, आणि ज्या क्षार समुद्रात, म्हणजे मृत समुद्रात, काही जगत नाही त्यात शिरून तो बरा करतं. त्याच्या काठच्या एन-गेदीला कोळी जाळी वाळत घालतात. इतकी वर्षं मी हा उतारा पवित्र आत्म्याचं रूपक म्हणूनच शिकवत आलो आणि ते चुकीचं नाही. पण संदेष्ट्यानं कोळी आणि जाळी लिहिलीत, ती काही उगाच नाहीत. पायाशी मेलेला कटला असताना तर ती टाळून पुढे वाचताच येत नव्हतं.

बाप्तिस्मा झाला नाही. दोन्ही मुलांना पुढच्या आठवड्यात तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या शेततळ्यात दिला. तळाचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा की माझाच तोल दोनदा गेला. मुलगी आली नाही. “मला नदीतच पाहिजे, मी थांबते,” म्हणाली. तिच्या आजीला हे आवडलेलं नाही, मला आवडलं.

प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यायचा अर्ज आम्ही त्याच दुपारी लिहायला घेतला. माझा मसुदा काकांनी वाचला आणि फाडला. “हा काय प्रार्थनेचा कागद आहे?” मग स्वतः लिहिला: ठिकाण, वेळ, वाऱ्याची दिशा, पाण्याचा रंग, पंचनाम्याची मागणी, खाली माहितीस्तव प्रती कोणाकोणाला. भोयानं अंगठा दिला, मंडळीतल्या बऱ्याच जणांनी सह्या केल्या. पाण्याच्या नमुन्यांचा अहवाल आला का, हे विचारायला आता दर सोमवारी काकाच जातात. मी बरोबर येतो म्हटलं तर नको म्हणतात. पास्टर दिसला की साहेब पाण्याचं सोडून धर्माचं बोलत बसतो, असं त्यांचं म्हणणं.