रोजच्या वापराची छोटी गाडी: ॲव्हरेज, सीएनजी आणि कोटेशनचा हिशोब

मॉडेलचं नाव काढायच्या आधी मी कागदावर चार गोष्टी लिहून काढल्या: महिन्याचं रनिंग, रोजचा रस्ता, मागच्या सीटवर कोण बसणार आणि पार्किंगची जागा. रनिंग महिन्याला ६०० ते ६५० किलोमीटर, जवळजवळ सगळं पुण्यातलं, सिंहगड रोडच्या गर्दीतलं. मागे गुडघे दुखणारी वडीलधारी माणसं. सोसायटीचा रॅम्प उभा आणि वळण आखूड. अधूनमधून कोकणात जायचं म्हणजे ताम्हिणी किंवा वरंधा घाट, चार माणसं आणि डिक्की भरून सामान. या चार ओळींनीच अर्धी यादी गळाली. शोरूममध्ये शिरल्यावर पहिला प्रश्न ‘बजेट किती?’ असा येतो. त्याआधी आपलं रनिंग आपल्याला पाठ असलेलं बरं.

आता ॲव्हरेज. कंपनी जाहीर करते तो आकडा प्रमाणित चाचणीतला असतो. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चालवतात, एसी बंद असतो, वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि सगळी चाचणी वीस मिनिटांत संपते. आपल्या रस्त्यावर सिग्नल, स्पीडब्रेकर, एसी आणि अर्धवट तापलेलं इंजिन. थंड इंजिनाला सुरुवातीचे काही किलोमीटर जास्त पेट्रोल लागतं. त्यामुळे दिवसात चार वेळा तीन-तीन किलोमीटर जाणारी गाडी एकदम बारा किलोमीटर जाणाऱ्या गाडीपेक्षा जास्त पिते. माझा ठोकताळा असा: दाट शहरात जाहीर आकड्याचे ६५ टक्के धरायचे, हायवेला ८०च्या स्थिर वेगात ८५ ते ९० टक्के.

जाहीर आकडे (लिटरला किलोमीटर) पाहिले तर वॅगनआर १.० मॅन्युअल २४.३५, नवी स्विफ्ट मॅन्युअल २४.८०, सेलेरिओ एएमटी (क्लचचं पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) २६.६८ आणि टियागो मॅन्युअल २०च्या आसपास. यातला एक-दीड किलोमीटरचा फरक पैशात किती होतो तेही मांडून बघितलं. शहरात एक गाडी १६ देते आणि दुसरी १७.५ देते असं धरा. ६०० किलोमीटरला पहिलीला ३७.५ लिटर लागतं, दुसरीला ३४.३. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर महिन्याला साधारण ३३५ रुपयांचा फरक. एवढ्यासाठी नको असलेली सीट किंवा लहान डिक्की पत्करण्यात अर्थ नाही. ‘लिटरला दीड किलोमीटर जास्त’ हे वाक्य काउंटरवर मात्र फार मोठं वाटतं.

इथेनॉलचाही भाग आहे. पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. २० टक्के मिसळल्यावर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत मिश्रणाची ऊर्जा कागदावर सहा-सात टक्क्यांनी कमी भरते, आधीच्या ई१०च्या तुलनेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास. म्हणून ओळखीतल्या कुणी पाच वर्षांपूर्वी मोजलेल्या ॲव्हरेजशी आजच्या गाडीची तुलना करू नये. जुनी गाडी घेणार असाल तर एप्रिल २०२३ नंतरची बघा. तेव्हापासूनच्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील ई२० सहन करतील असे दिलेले आहेत.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो सीएनजीच्या हिशोबावर. पेट्रोलपेक्षा कंपनी फिटेड सीएनजीला एक्स-शोरूम (रोड टॅक्स आणि इन्शुरन्स सोडूनच्या किमतीत) साधारण ९० हजार जास्त पडतात. सीएनजी ९२ रुपये किलो आणि शहरात किलोला २५ किलोमीटर धरले, तर किलोमीटरला ३.६८ रुपये येतात. पेट्रोलवर १६च्या ॲव्हरेजने साडेसहा. म्हणजे किलोमीटरमागे २.८२ रुपये वाचतात आणि ९० हजार वसूल व्हायला जवळपास ३२ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला १,००० किलोमीटर असेल तर पावणेतीन वर्षांच्या आत पैसे सुटतात. ६०० असेल तर साडेचार वर्षं जातात, आणि गाडी कर्जावर असेल तर वरच्या ९० हजारांचं व्याजही त्यात धरायला हवं. महाराष्ट्रात सीएनजी गाडीला रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा कमी टक्क्याने लागतो, त्यामुळे प्रत्यक्ष फरक थोडा कमी होतो. तुमच्या गावचे दर घालून हे गणित स्वतः करा, दहा मिनिटांचं काम आहे.

पैशापलीकडच्या अडचणी वेगळ्या. सिलिंडरवर ६० लिटर लिहिलेलं असतं, पण गॅस किलोत भरतात आणि प्रत्यक्षात आठ-नऊ किलोच बसतो. भरताना गॅस तापतो. उन्हाळ्याच्या दुपारी २०० बारचा दाब लवकर दिसतो आणि आत वजनाने गॅस कमी गेलेला असतो. सकाळी लवकर भरलेला पुरतो तो यामुळे. ताकदही घटते. वॅगनआरचं ९९८ सीसीचं इंजिन पेट्रोलवर ६७ पीएस ताकद आणि ८९ न्यूटन मीटर ओढ (टॉर्क) देतं, सीएनजीवर ५७ पीएसच्या आसपास आणि ८२ न्यूटन मीटर. सपाटीला हे जाणवतही नाही, पण वरंध्यात एसी लावून चार जण बसले की दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात टाकायची सोय राहत नाही. डिक्की सिलिंडर खातो. टियागोत ३०-३० लिटरचे दोन सिलिंडर खाली आडवे ठेवल्यामुळे बॅगा तरी मावतात. सीएनजी बघायला गेलात तर स्टेपनी कुठे ठेवली आहे आणि ती सामान न उपसता निघते का, ते डिक्की उघडून बघा. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट करावी लागते आणि त्या प्लेटवरची तारीख उलटली की पंपावर गॅस देत नाहीत. बाहेरून किट बसवलं तर आरसीवर आणि इन्शुरन्सवर नोंद करावी लागते, आणि इंजिनाची वॉरंटी धोक्यात येते ती वेगळीच. माझ्या रनिंगला पेट्रोलच बरं होतं. रोज हिंजवडीला जाणाऱ्याला मी बेलाशक सीएनजी सांगेन.

एएमटीबद्दल थोडक्यात. आत गिअरबॉक्स नेहमीचाच असतो आणि क्लच प्लेटही तीच, फक्त पाय आणि हाताचं काम मशीन करतं. म्हणून फ्लायओव्हरच्या चढावर रांगेत असताना ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की क्लच जळतो, अगदी हाफ क्लचवर जळावा तसा. ब्रेकवर थांबायचं. घाटात मॅन्युअल मोडवर टाकायचं, नाहीतर ती वळणावळणाला गिअर बदलत बसते. जाहीर ॲव्हरेज मॅन्युअलपेक्षा जास्त दिसतं, कारण ती चाचणीत गिअर लवकर वर टाकते. गर्दीत तो फायदा उरत नाही. पन्नास हजारांच्या आसपास जास्त मोजायचे ते गुडघ्यासाठी मोजा, पेट्रोलसाठी नको.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले मागच्या गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी मारून आणतात. रस्ता मी सांगितला: चांदणी चौकाचा चढ, एसी चालू, चौघं बसलेले. चढावर पूर्ण थांबून पहिल्या गिअरमध्ये उचलायची, मग ताशी तीसला दुसऱ्यातून ओढते का ते बघायचं. तीन सिलिंडरच्या इंजिनाची गाडी सिग्नलला उभी असताना स्टेअरिंग आणि सीट थरथरते, तेवढं चालतं का ते आपलं आपण ठरवायचं. स्पीडब्रेकरवर चौघांनिशी पोट घासतं का बघा, एकटं बसून कळत नाही. वडीलधाऱ्यांना मागच्या दारातून दोनदा आत-बाहेर करायला लावा. सीट गुडघ्याच्या उंचीला असेल तर माणूस नुसता मागे टेकून बसतो, खाली असेल तर दाराला धरून स्वतःला सोडतो. वॅगनआरची उंची १६७५ मिलिमीटर आहे. स्विफ्ट चालवायला जास्त मजेची असूनही इथेच मागे पडली. डिक्कीतही ३४१ लिटर विरुद्ध २६५ असा सरळ फरक आहे.

सुरक्षेचा मुद्दा झाकण्यात अर्थ नाही. ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत टियागोला २०२० मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी ४ तारे मिळाले होते, वॅगनआरला २०२३ मध्ये १. वॅगनआरमध्ये सहा एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटना २०२५ मध्ये आल्या, पण एअरबॅग वाढल्याने सांगाडा बदलत नाही. माझी गाडी बहुतेक वेळ चाळीसच्या खाली असते म्हणून मी उंची आणि डिक्कीला झुकतं माप दिलं. आठवड्याला एक्स्प्रेसवे गाठणाऱ्याने टियागो घ्यावी आणि लिटरमागे दोन-तीन किलोमीटर सोडून द्यावेत.

मॉडेल ठरलं की खरी ओढाताण कोटेशनवर होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरच्या आतल्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला, त्यामुळे जुनी किंमत धरून बसू नका. प्रत्येक ओळ वेगळी लिहून मागायची, नुसता ऑन-रोडचा आकडा घ्यायचा नाही. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर ११ टक्के रोड टॅक्स. एक्स-शोरूम ६ लाख असेल तर ६६ हजार. सरकारी नोंदणी फी ६०० रुपये, स्मार्ट कार्ड २००, कर्ज असेल तर बोजा चढवायचे १,५००. माझ्या हातात आलेल्या एका कोटेशनमध्ये ‘रजिस्ट्रेशन’ म्हणून मोघम साडेआठ हजार होते. फोड मागितल्यावर ते उतरले. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट गाडीच्या किमतीतच धरलेली असते, तिचे वेगळे पैसे नाहीत. हँडलिंग किंवा लॉजिस्टिक्स चार्जेस द्यायलाच हवेत असा नियम नाही. ती ओळ खोडायला सांगायची, आणि बुकिंगच्या आधी. नंतर कुणी ऐकत नाही.

इन्शुरन्सवर सगळ्यात जास्त पैसे सुटतात. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, त्यापुढे १५०० सीसीपर्यंत १०,६४०, वर जीएसटी. हा दर सगळीकडे सारखा. घासाघीस होते ती स्वतःच्या नुकसानीच्या भागावर, आणि तो एक वर्षाचा पुरतो. तीच गाडी, तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि झिरो डेप (पार्टची घसारा न कापता भरपाई) घालून बाहेरचा कोट काढा आणि समोर ठेवा. ‘बाहेरून घेतला तर कॅशलेस मिळणार नाही’ हे ऐकायला मिळतं. कॅशलेस हे वर्कशॉप त्या विमा कंपनीच्या यादीत आहे की नाही यावर ठरतं, पॉलिसी कुणी विकली यावर नाही. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा दुसऱ्या गाडीवर आधीच असेल तर परत लागत नाही.

ॲक्सेसरीजच्या किटमधून मी मॅट आणि मडफ्लॅप ठेवले. सीट कव्हर मुद्दाम टाळलं. सहा एअरबॅगच्या गाडीत साइड एअरबॅग पुढच्या सीटच्या पाठीतून, दाराच्या बाजूने उघडते. गच्च शिवलेलं साधं कव्हर तिला अडवतं. घालायचंच असेल तर त्या बाजूची शिवण कच्ची ठेवलेलं, एअरबॅगसाठीचं कव्हर मागा. सीटवर शिवलेला एअरबॅगचा छोटा टॅग असतो, तो झाकला गेला तर कव्हर चुकीचं.

गाडीची तपासणी टॅक्स भरायच्या आधी करायची, कारण नंबर पडल्यावर गाडी बदलून मिळत नाही. चासी नंबर लिहून घ्या आणि तोच फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) व २२ (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा कंपनीचा दाखला) वर आहे का ताडून बघा. बनल्याचा महिना-वर्ष आरसीवर येतं. डिसेंबरात सवलतीत मिळणारी गाडी मार्चमधली असेल तर रिसेलला ते दिसतं. टायरवर चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी जवळपासच्या आठवड्यांतली हवीत. काचांवरचे कोड एकमेकांशी जुळतात का बघा, एखादीच वेगळी असेल तर ती बदललेली आहे. पावसाळ्यानंतर घेताना मॅट उचलून खालचं कार्पेट हाताने दाबा आणि स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरवा. यार्डात पाणी शिरलेल्या गाडीत तिथे माती किंवा गंजाची रेघ सापडते. रंग दिवसा उजेडात, तिरक्या नजरेने बघायचा. शोरूमच्या दिव्याखाली सगळंच चकाकतं.

ताब्यात आल्यावर हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर दोघांसाठी आणि पूर्ण लोडसाठी वेगळे आकडे दिलेले असतात. पंक्चरवाला विचारतो, ‘पस्तीस मारू?’ आणि उत्तराची वाट न बघता सगळ्या गाड्यांना तेच भरतो. टायर थंड असताना, स्टिकरप्रमाणे, पंधरा दिवसांनी एकदा भरायची. ॲव्हरेज मोजायचं ते टाकी ते टाकी: ऑटो कट होईपर्यंत भरायचं, ट्रिप मीटर शून्यावर आणायचं, किमान ३०० किलोमीटर चालवून त्याच पंपावर परत ऑटो कटपर्यंत भरायचं, आणि किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागायचं. पैसे राउंड करायला वरून थेंब-थेंब टाकू द्यायचं नाही, तिथेच हिशोब बिघडतो. स्क्रीनवरचं ॲव्हरेज या मोजणीपेक्षा बहुतेक वेळा जास्तच दिसतं. पहिल्या १,००० किलोमीटरमधला आकडा धरू नका, आणि तेवढं अंतर एकाच वेगात ताणून हायवेलाही नेऊ नका.