इंग्रजांच्या देशात पंधरा ऑगस्ट? तुम्ही विचारलंत म्हणून

गावी आलो की लग्नाच्या पंगतीत, सोयाबीनच्या काट्यावर, कुठेही कोणीतरी विचारतंच, "इंग्रजायच्या देशात पंधरा ऑगस्ट होते का गा?" विचारणारा हसत असतो. मीही "होते ना" म्हणतो आणि पावसापाण्याचं काढतो. यंदा नीट सांगतो.

होतो. त्याच दिवशी होतोच असं नाही, कारण तिथे तो कामाचा दिवस. लंडनला आपलं उच्चायुक्तालय झेंडावंदन करतं, पण मी राहतो लांब. आमचं मंडळ जवळचा रविवार बघून शाळेचा हॉल भाड्याने घेतं. जन गण मन, पोरांचे नाच, समोसे, आणि शेवटी खुर्च्या आपल्याच हाताने रचायच्या. मी चिमूरकडचा म्हटलं की मंडळातली पुण्यामुंबईची मंडळी विचारतात, "चिमूर म्हणजे ताडोबाच्या बाजूला ना?" हो बुवा, वाघाच्या बाजूला. तिथल्या गोऱ्यांना १५ ऑगस्ट माहीत असलाच तर १९४५चा, जपान हरल्याचा. माझ्या पोराने एकदा विचारलं, "बाबा, आपण कोणापासून स्वतंत्र झालो?" म्हटलं, "यांच्यापासूनच." त्याला वाटलं मी गंमत करतोय.

पण तुमचा प्रश्न हा नाहीच, हे काय मला कळत नाही? आबाजींच्या नातवाने तिकडचा पासपोर्ट घेतलाच कसा, हे तुम्हाला विचारायचं असतं. १६ ऑगस्ट १९४२ला चिमुरात इंग्रज सरकारविरुद्ध कसा उठाव झाला, ते तुम्हाला मी सांगायला नको. आबाजी त्यानंतरच्या धरपकडीत सापडले, नागपूरच्या तुरुंगात गेले. स्वातंत्र्यसैनिक म्हणून मिळालेला १९७२चा त्यांचा ताम्रपट अजून आमच्या बैठकीत आहे. आणि मी तिकडे एका सरकारी हॉलमध्ये राणीच्या तसबिरीसमोर उभा राहून तिच्याशी आणि तिच्या वारसांशी इमान राखीन, अशी शपथ घेतली. का? व्हिसाची फी, नोकरी गेली तर देश सोडावा लागेल ही धास्ती, तिथेच जन्मलेलं पोर. कारणं खरी आहेत. हेच विचारणारे अर्ध्या तासाने आपल्या पोराचा बायोडाटा माझ्या हातात देतात, तेव्हा त्यांना राणी आठवत नाही.

शपथ घेतली तेव्हा मी सगळ्यांना ऐकवायचो, पासपोर्ट म्हणजे नुसता प्रवासाचा कागद. मग गावच्या शाळेतली पंधरा ऑगस्टची ती सकाळ आली.

रोवणी आटोपली होती, बांध्या भरलेल्या, रात्रभर पाऊस. मुख्याध्यापक आदल्या दिवशी घरी येऊन सांगून गेले होते, "आबाजींच्या घरचे म्हणून यंदा झेंडा तुमच्या हातून." मैदानात चुन्याच्या रेघांवर पोरं उभी. मी चपला काढून खांबाजवळ गेलो. दोरीला हात घालणार तोच शाळा समितीतला एक जण, माझ्याच वर्गातला, मुख्याध्यापकांच्या कानाशी लागला. ते माझ्याकडे आले. "भाऊ, तुमच्यापाशी भारताचा पासपोर्ट नाही म्हणते. खरं का?" म्हटलं, ओसीआय कार्ड आहे, परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना भारत सरकार देतं ते. "म्हणजे भारतीयच ना?" मग चिखलात अनवाणी उभा राहून समजावत बसलो: येण्याजाण्याला, राहण्याला मोकळीक आहे, मत देता येत नाही, शेत विकत घेता येत नाही, वारसाने मिळालं तर चालतं. शेताचं नाव निघाल्याबरोबर दोन-चार माना वळल्या. पोरं ताटकळली. शेवटी सरपंचबाई पुढे झाल्या.

झेंड्याची गाठ पाण्याने फुगली होती. बाईंनी हिसका दिला, सुटेना. परत दिला, सुटेना. शाळेत असताना पाकळ्या घालून झेंडा बांधायचं काम माझ्याकडे असायचं. अशी गाठ कशी झटकायची, मला माहीत होतं. कोणी बोलावलं नाही, मीही सरकलो नाही. शिपायाने दोरी झटकली आणि ओल्या पाकळ्यांचा गोळा बाईंच्या खांद्यावर पडला. राष्ट्रगीत मीही म्हटलं. नंतर बुंदीचा पुडा सगळ्यांत आधी मला दिला. पाहुणा ना!

त्या वर्गमित्राचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. बरोबर होतं, असंही म्हणणार नाही. "नुसता कागद" म्हणणारा जो मी होतो, त्याला त्या खांबाजवळ उभं करायला हवं होतं. पण तो मला उलट विचारेल, कागद नुसता नव्हता तर परत का करत नाहीस? नाही करत. पोराचं शिक्षण आहे, घराचे हप्ते आहेत.

आबाजींना काय वाटलं असतं, हेही विचारता. मी तिकडे जायच्या आधीच ते गेले. माय म्हणते, त्यांना आनंदच झाला असता. ते माझ्या इतकं सोयीचं आहे की मी त्यावर फारसा विसंबत नाही.

आता गावात साडेसातला झेंडा चढतो तेव्हा तिकडे पहाटेचे तीन वाजलेले असतात. पुतण्या व्हिडिओ कॉल लावतो, मी उठून बघतो. बायको म्हणते, रेकॉर्ड करून पाठवायला सांगा ना. नाही सांगत.

पुढच्या ऑगस्टचं तिकीट काढलंय. भेटलात तर विचारा खुशाल, फक्त बायोडाटा त्याच दिवशी आणू नका.