सॅलडने केलेली फजिती

आज दुपारी उपाहारगृहात मी मोठ्या संयमाने बर्गर नाकारून सॅलड मागवले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली; मेनूकार्डावर पदार्थांच्या नावांपुढे बारीक अक्षरांत छापलेले कॅलरीचे आकडे मात्र जेवण उरकल्यावर वाचले. माझे सॅलड बर्गरपेक्षा वरचढ निघाले!

वाडग्याच्या तळाशी उरलेले तकतकीत ड्रेसिंग पाहिले आणि कारण उमगले. एक ग्रॅम कर्बोदकांतून किंवा प्रथिनांतून साधारण ४ कॅलरी मिळतात, तर तेवढ्याच स्निग्ध पदार्थातून ९. म्हणजे मोठा चमचाभर तेल पडले की जवळपास १२० कॅलरी वाढतात, आणि ड्रेसिंगमध्ये असे दोन-तीन चमचे सहज मुरतात. वर चीज, तळलेले पावाचे तुकडे आणि मूठभर अक्रोड होतेच. बिचाऱ्या हिरव्या पानांचा यात काडीचाही दोष नाही.

घरी आल्यावर कुतूहलापोटी बदाम वजनकाट्यावर ठेवून पाहिले. ३० ग्रॅम, म्हणजे जेमतेम पंचवीस दाणे, आणि कॅलरी सुमारे १७०. टीव्हीसमोर बसून याच्या दुप्पट बदाम मी रोज ‘पौष्टिक’ म्हणून संपवतो, तेही खाण्यात न धरता.