बाटलीतले मोती

चार दिवस गाडी पावसात उभी होती. आज सकाळी पंचवीस-तीस किका मारल्या, चोक ओढला, शिव्याही घातल्या. ढिम्म. शेजारचे काका गॅलरीतून ओरडले, "अरे घाम कशाला गाळतोस? आधी प्लग काढ!" एरवी काकांचे सल्ले मी ऐकून सोडून देतो, पण ऑफिसला उशीर होत होता.

प्लग काढला, कॅपमध्ये बसवून इंजिनच्या धातूला टेकवला आणि किक मारली. टक्क! निळी ठिणगी. म्हणजे करंट आहे. पण प्लगचं तोंड चक्क कोरडं. चोक ओढून इतक्या किका मारल्यावर तो पेट्रोलने भिजायला हवा ना! टाकीत पेट्रोल आहे, कॉक उघडा आहे. मग अडलंय कुठे?

पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल केला आणि आलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत धरलं. उजेडात बघतो तर तळाशी पाण्याचे टपोरे मोती, बाटली तिरकी केली की इकडून तिकडे घरंगळणारे. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते खालीच बसणार. गाडी सुरू होताना इंजिनला पेट्रोल देणारी बारीक नळी, म्हणजे पायलट जेट, तीही खालीच बुडालेली, आणि तिचं भोक सुईच्या टोकाएवढं. तिथे पाणी अडकलं, पेट्रोल वर चढेना. बिचारी गाडी तहानलेलीच!

टाकीच्या झाकणाचं रबर चिरलं होतं, तिथूनच पाऊस आत. टाकी, कार्बोरेटर रिकामं केलं, नवीन पेट्रोल भरलं. चौथ्या किकला सुरू!

रबर उद्या आणेन. तोवर झाकणावर दुधाची पिशवी. काका अजून गॅलरीतच आहेत, चहाची वाट बघत.