स्वयंसेवकाचा रंग

परदेशी स्वयंसेवेच्या बहुतेक माहितीपत्रकांवर मला तेच छायाचित्र दिसते: मध्यभागी गोरा तरुण आणि भोवती हसरी सावळी मुले. वास्तविक, अमेरिकेत १९६१ साली पीस कोअर ही स्वयंसेवकांना परदेशात पाठवणारी सरकारी संस्था स्थापन होण्यापूर्वीच, १९५८ मध्ये, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कृष्णवर्णीय धर्मोपदेशक जेम्स रॉबिन्सन यांनी ‘ऑपरेशन क्रॉसरोड्स आफ्रिका’ सुरू करून गोऱ्या व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना एकत्र आफ्रिकेत नेले होते, आणि पीस कोअरवरचे हे ऋण ती स्थापन करणारे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनीही मान्य केले होते. तरीही आशियाई वंशाच्या स्वयंसेवकाला ‘तू खरोखर अमेरिकन आहेस का?’ हा प्रश्न आजही ऐकावा लागतो. मला त्याहून मोठा अडसर पैशाचा वाटतो. पीस कोअर निदान प्रवासखर्च आणि निर्वाहभत्ता देते, अनेक खासगी संस्था मात्र स्वयंसेवकाकडूनच शुल्क घेतात (सेवा करायची, तीही पदरमोड करून!), त्यामुळे घरी पैसे पाठवणारा तरुण अर्जापर्यंतही पोहोचत नाही.